सेनदांची राजधानी

आमच्या रियाधच्या ऑफिसातले किस्से फ्रिजवरच्या रिकाम्या डब्यांसारखे. टाकवत नाहीत आणि वाढतच जातात! त्यातले निम्मे एकट्या सेनदांचे.

हेड ऑफिस दुबईहून इथं हललं, तेव्हा कोलकात्याचे आमचे सेनदा एकटेच आले. त्यांच्या मिताली वहिनी दुबईतच थांबल्या. म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे, मी बघते." दोन वर्षं झाली, वहिनी अजून बघतायत! 

*

माझ्या इराला शाळेत प्रोजेक्ट आलं: ब्रिटिशांनी राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला का हलवली? मी लंचला विषय काढला आणि फसले!

दिल्लीचा चढ्ढा कॉलर ताठ करून म्हणाला, "सेंटर में है जी, शिमला भी पास! और दिल्ली तो दिल्ली है!"

सेनदांनी भात बाजूला सारला. "झूठ! बंगाल का टुकडा किया, तो हम लोग इतना हल्ला किया कि साहब डर के भागा! और दिल्ली जाके क्या मिला? पहले राजधानी हटाया, फिर खुद ही हट गया!"

चढ्ढा दही तसंच टाकून उठला.

*

ऑफिसचे ड्रायव्हर दाऊदभाई रत्नागिरीचे. त्यांनी दादांना बत्ह्याच्या बाजारात हिल्सा मासा मिळवून दिला. दुकानदारानं मशीनवर सटासट तुकडे केले आणि दादांचा चेहरा पडला. "ऐसे नहीं! मिताली बोंटी पे काटती है."

बोंटी म्हणजे त्यांच्याकडची विळी. वहिनींना त्यांच्या सासूबाईंनी दिलेली. वहिनी तिला दादांनाही हात लावू देत नाहीत!

"तो फिर भाभी को ही ले आओ ना, दादा!" दाऊदभाई म्हणाले. 

*

एका शुक्रवारी दादा आमच्याकडे जेवायला होते. इरानं विचारलं, "अंकल, जहाँ से सब ऑर्डर निकलते हैं, वही कॅपिटल ना? तो आपकी कॅपिटल कहाँ है?"

"दुबई," दादा म्हणाले. हसले नाहीत. मला इतकं वाईट वाटलं, की न विचारताच त्यांना वरण वाढलं.

*

मागच्या महिन्यात वहिनी आल्या. "सिर्फ पंद्रह दिन!" एअरपोर्टवरच बजावलं. आम्ही सगळे त्यांना घरी सोडायला गेलो. चहा होतोय तोवर वहिनींनी बॅग उघडली. जुन्या साडीत गुंडाळलेलं काहीतरी जड निघालं. उलगडलं तर बोंटी!

दादा बघतच राहिले. वहिनी तिच्यासाठी ओट्याखाली जागा करायला लागल्या.

इरा कुजबुजली, "अंकल, अब कॅपिटल कहाँ?"

 दादांनी फोन लावला आणि ओरडले, "दाऊदभाई! बत्हा जाओ, पूरी मछली लाना! कटवाना मत!"