शुक्रवारचा चौकोन

दुसरीच्या बाईंना सगळी शाळा टाळीबाई म्हणते. नाव मुलांनी पाडलं आणि आम्ही शिक्षकांनी ते उचललं. वर्गात गोंगाट झाला की त्या ओरडत नाहीत. तीन टाळ्या वाजवतात, बेचाळीस मुलं तीन टाळ्या परत देतात आणि गप्प होतात. मी शेजारच्या खोलीत तिसरीला शिकवते. आमच्या मध्ये फळ्यांची भिंत आहे, तीसुद्धा छतापर्यंत पोचत नाही, त्यामुळे गेली अकरा वर्षं मी त्यांचा प्रत्येक आठवडा नुसत्या कानांनी काढला आहे. सोमवारी गोष्ट, मंगळवारी शब्दपट्ट्या, बुधवारी मण्यांची बेरीज, गुरुवारी मातीकाम, शुक्रवारी वाचन. गुरुवारी त्यांची माती मुलांच्या पायांनी माझ्या वर्गात येते आणि माझं डोकं फिरतं, पण ते जाऊ द्या.

बाईंच्या घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आहेत आणि गुडघ्यांपायी दिवसभर कुरकुरणारे यजमान. सासूबाईंचं अंग पुसून, यजमानांच्या गोळ्या डबीत काढून ठेवून त्या शाळेत येतात, तेव्हा सकाळी आठलाच त्यांचा चेहरा दिवस संपल्यासारखा असतो. रविवारी आम्ही झोपा काढतो, तर या जुन्या खोक्यांचे पुठ्ठे कापून शब्दपट्ट्या करत बसतात. मी एकदा म्हटलं, "बाई, आता तरी विकतच्या आणा." तर म्हणाल्या, "विकतच्या पट्ट्यांचे कोपरे टोचतात गं मुलांना." मुलांना त्याचं काय! ती पट्ट्या चघळतात.

यंदा मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, एक नवं खूळ काढलं. दर शुक्रवारी प्रत्येक मुलाबरोबर घरी एक कागद जाणार. त्यावर पाच वारांचे पाच चौकोन. त्या दिवसाचं काम जमलं असेल तर बरोबरची खूण, नसेल तर चौकोन रिकामा आणि खाली दोन ओळींत कारण. खुणेला कारण लागत नाही, रिकाम्या चौकोनाला लागतं. आता शुक्रवारी दुपारी तीन वाजता, बेचाळीस कागद पुढ्यात घेऊन बसलेलं दमलेलं माणूस काय करेल, तुम्हीच सांगा.

बाईंच्या वर्गात खिडकीपाशी एक मुलगी बसायची. वडील नाहीत, आई हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करते. पोरीचा आवाज इतका स्वच्छ की भिंतीपलीकडून मला शब्द न् शब्द ऐकू यायचा. शुक्रवारी पुस्तक घेऊन उभी राहिली की घडाघडा वाचायची, बरोबर जागी पान उलटायची. एका शुक्रवारी, हे बाईंनीच मला मागाहून सांगितलं, तिच्या पुस्तकाची दोन पानं डिंकाने चिकटली होती. तिने ती एकदमच उलटली, आणि आत अडकलेला, डोळ्यांना न दिसणारा मजकूरही न अडखळता म्हणून टाकला. सगळं पुस्तक ऐकून ऐकून पाठ. बाईंनी फळ्यावर त्यातलाच एक शब्द लिहून विचारला, तर पोरगी मान खाली घालून उभी राहिली.

मधल्या सुट्टीत बाई माझ्याकडे आल्या. "अगं, तिला वाचता येत नाही. आणि मी सहा आठवडे खुणा करतेय."

माझ्यापुढे वह्यांचा ढीग होता. मी मान वर न करताच म्हटलं, "करा खूण आणि मोकळ्या व्हा. पुढच्या वर्षी माझ्याच गळ्यात पडणार आहे ती. मी बघेन."

"असं कसं? मी तिला रोज दहा मिनिटं वेगळी घेऊन बसते," त्या म्हणाल्या. दोन दिवस बसल्याही. तिसऱ्या दिवशी सासूबाई खाटेवरून पडल्या. मग रजा, रजेनंतर राहिलेला अभ्यास, त्यात मोठ्या बाईंच्या मीटिंगा, आणि ती दहा मिनिटं कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही. कागद मात्र दर शुक्रवारी जात राहिला, पाचही चौकोन भरून.

सत्र संपत आलं तेव्हा मोठ्या बाईंनी जाहीर केलं की शेवटच्या शुक्रवारी पालकांना वर्गात बसवायचं आणि प्रत्येक मुलाने कधी न पाहिलेलं पुस्तक वाचून दाखवायचं. टाळीबाईंचं तोंड उतरलं. सगळ्यांसमोर, आईच्या देखत, त्या पोरीला एक अक्षर लागणार नव्हतं. मी पुन्हा अक्कल पाजळली. "तिचं जुनं पुस्तक ड्रॉवरमध्ये ठेवा. तिची पाळी आली की हळूच हातात द्या. आई खूश, मोठ्या बाई खूश, प्रश्न मिटला." बाई चष्मा काढून डोळे चोळत बसल्या.

त्या शुक्रवारी माझा वर्ग आधी सुटला होता, म्हणून मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. पोरीची आई मागच्या बाकाजवळ उभी होती, कामावरून तशीच आलेली, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मुलं एकेक करून वाचत होती, पालक टाळ्या वाजवत होते. पोरीची पाळी आली. बाईंनी ड्रॉवर उघडला, आत पाहिलं आणि पुन्हा बंद केला.

"बस बाळ. तुझं वाचन आज नाही."

मोठ्या बाईंच्या कपाळाला आठी पडली. "का नाही? हिच्या तर सगळ्या खुणा आहेत."

"त्याचं मी तुम्हाला सांगते, मॅडम. आधी हिच्या आईला सांगायचंय."

सगळे गेले तरी ती आई पोरीला घेऊन मागेच थांबली. मी माझ्या वर्गात येऊन उगाचच खडू गोळा करत बसले.

"बाई, तिचंच का राहिलं?" भिंतीपलीकडून आईचा आवाज आला.

"कारण तिला वाचता येत नाही," टाळीबाई म्हणाल्या. "सगळं पाठ करून म्हणते. मला हे कधीपासून माहीत आहे आणि मी तुम्हाला खोट्या खुणा पाठवत राहिले. दमले होते. हे काही कारण नव्हे, पण खरं तेच आहे."

मला वाटलं, आता ती बाईंना चांगलं फैलावर घेईल. घेतलं असतं तर बरं झालं असतं.

"मी हिला घरी घेऊन बसत होते," ती सावकाश म्हणाली. "वाच म्हटलं की येत नाही म्हणायची, मग गप्प. नुसती खाली बघायची. आणि कागद बघावा तर त्यावर तुमची खूण. मला वाटलं, शाळेत चांगली वाचते, माझ्यापुढेच नाटकं करते." मग तिचा आवाज बारीक झाला. "मारलं हो मी तिला. दर शुक्रवारी मारलं."

माझ्या हातात खडूचे तुकडे तसेच राहिले. लाजेने मेल्यासारखं झालं मला. उठून पलीकडे जावं आणि सांगावं, की खूण करून मोकळ्या व्हा असं यांना मी म्हटलं होतं. मी गेले नाही.

पलीकडे बाक सरकल्याचा आवाज आला. टाळीबाई त्या पोरीशेजारी बसल्या असाव्यात, कारण त्यांचा आवाज आता खालून येत होता. "बाळ, चूक माझी आहे. तुला येत नाही हे मी आईला सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं."

मग पोरगी बोलली, त्याच स्वच्छ आवाजात, पण बाईंशी नाही.

"मी सांगत होते ना आई तुला."