विहिरीतल्या शिंपल्या आणि माझी पडवी

अडुसष्टाव्या वर्षी कोणी घर बांधतं का, असं सगळ्यांनी विचारलं, म्हणून मी जागा बघायला निघालेच. पुण्याहून पहाटे सहाला. गाडी चालवायला धाकटा भाऊ सुहास. आंबा घाटाने जाणार असाल तर चहा मलकापुरातच घ्या. पुढे रुंदीकरणासाठी, पुलांसाठी रस्ता असा खणून ठेवलाय की हातात कप टिकत नाही. आणि एवढाल्या पुलांच्या पैशांत बायकांसाठी एक धड स्वच्छतागृह बसत नाही?

मांडवीला जेवलो. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं सुकं, भाकरी, सोलकढी. दोघांचे सहाशे, वसूल.

दुसऱ्या दिवशी पावसच्या अलीकडे, खाडीकाठी. जमीन पाटासारखी सपाट, समोर पाणी, मागे आंब्यांचा डोंगर. पडवी कुठे घ्यायची, तेही मी उभ्या उभ्या ठरवलं. पाणी इथवर येत नाही ना, एवढंच जागेच्या एजंटला विचारलं.

"मॅडम, समुद्र इथे कधीच नव्हता. माझी गॅरंटी," एजंट म्हणाला.

मी मान डोलावली. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर नकाशातल्या किनाऱ्याला निळ्या पेन्सिलीची कड काढायला लावायच्या, ती हलली की हातावर पट्टी. किनाराच हलतो, हे सांगायचं मात्र राहिलं.

शेजारच्या शेतात विहीर खणत होते. काठावर चंदूकाका, आयुष्यभर विहिरी खणलेले. वर आलेल्या काळ्या चिखलाचं बोट त्यांनी जिभेवर ठेवलं आणि थुंकले.

"शी, काका!"

"चाखल्याबिगर पानी गोडं का खारं ते कळनार कसं, ताई? खारट हाय. आनि ह्ये बगा." चिखलात मूठभर शिंपल्या. "दोन पुरुस खोल. दोन मानसं एकावर एक उबी ऱ्हातील येवडं."

"भरतीने आल्या असतील," एजंट.

"भरती जमिनीखालनं येते काय रं?" काका हसले. "हितं दर्या व्हता. त्यो मागं सरला, नदीनं गाळ भरला, मग आमी भात लावला. घरं कुनी नाय बांधली. ती बगा, सगली वर."

खरंच. झाडून सारी घरं डोंगराच्या पायथ्याशी, एका रेषेत. खाली फक्त भातखाचरं. एजंटला मी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

परतताना मोबाइलवर वाचलं. हजारो वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा खूप खाली होता, तेव्हा नद्यांनी खोल दऱ्या कापल्या. मग पाणी चढून दऱ्यांत शिरलं, त्या खाड्या झाल्या. त्यांत गाळ साचत गेला, आणि त्या गाळावर मी पडवी मांडत होते.

"ताई, समुद्र आपल्या हयातीत थोडाच येणार आहे परत?" सुहासने समजूत काढली.

"घर काय माझ्याबरोबर जाळणार आहेस?"

निघताना काकांना विचारलं होतं, वर जागा मिळेल का. "मिळंल. पन चढ हाय," म्हणाले, आणि माझ्या गुडघ्यांकडे बघितलं. बघितलं म्हणजे काय!

घरी येऊन पंधरा दिवस झाले. त्या विहिरीतली एक शिंपली आणली होती, ती खिडकीत ठेवली आहे. आणि मी लिफ्ट सोडली आहे. तीन मजले, सकाळ-संध्याकाळ.