विंचू उतरवणारा माणूस

लग्न लावताना मी मोबाईल बंद करून पिशवीत टाकतो. एकदा बुद्धवंदनेतलं त्रिसरण चालू असताना तो वाजला आणि मांडवातल्या एका म्हाताऱ्यानं सगळ्यांदेखत मला झापलं, तेव्हापासून. त्या दिवशी वाशीकडच्या एका गावात लग्न होतं. ऊन फार, म्हणून सहा वर्षांची मुलगी शेजारच्या मावशींकडं ठेवली आणि मी आणि बायको येडशीहून निघालो. पंगत बसल्यावर मोबाईल चालू केला, तोच काकांचा, म्हणजे मावशींच्या नवऱ्याचा, फोन. पोरीला विंचू चावलाय, धाराशिवच्या दवाखान्यात आणलंय, या. एवढंच बोलले.

नवरदेवाच्या चुलत्यानं ताटावरून उठून जीप काढली. वाटेत बायको एकदाच बोलली.

"तुमची वाट बघत थांबले नसतील ना?"

माझ्याही डोक्यात तेच होतं.

मी आठवीतून शाळा सोडलेला. गोंदियाकडून ठेकेदाराच्या टोळीबरोबर रेल्वेच्या कामावर आलो. काम संपलं, टोळी गेली, मी येडशीतच राहिलो. इथल्या विहारात गाथा ऐकून ऐकून पाठ केल्या आणि बौद्धाचार्य झालो. समाजातली लग्नं आता मीच लावतो, नामकरणंही मीच करतो. मावशींचं शेतकऱ्याचं घर, आमच्या समाजातलं नव्हे, पण त्यांनी आम्हाला खोली दिली आणि बायकोचं माहेर लांब म्हणून सव्वा महिना तिचं बाळंतपण काढलं. ते मी कशानं फेडणार? लोक मला गुरुजी म्हणतात, त्याचीसुद्धा धास्ती वाटते. एक दिवस कुणीतरी विचारेल, तुला येतं तरी काय.

मागच्या उन्हाळ्यात काकांना रानात विंचू चावला. काळा होता. मावशी धावत आल्या, तुमच्यात ते परित्राण म्हणतात नव्हं, म्हणा. मी परित्राणाच्या गाथा म्हटल्या, पांढरा दोरा मनगटाला बांधला. संध्याकाळपर्यंत ठणका गेला. काळ्या विंचवाचा ठणका आपसूकच उतरतो, हे मला ठाऊक होतं. आम्ही गंडेदोरे सोडलेली माणसं. परित्राण मनाला धीर देण्यासाठी असतं, विषासाठी नाही. तेवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण मावशींनी वाटीभर साखर आणून बायकोच्या हातात दिली, चार बायका बघत होत्या, आणि मी गप्प बसलो. मग गावात झालं, गुरुजी विंचू उतरवतात.

दवाखान्यात मुलगी खाटेवर होती. अंग घामानं ओलं, पाय बर्फासारखे, ओठांना कोरड. सलाईन लावलेलं. डॉक्टर म्हणाले, तांबडा विंचू आहे, हृदयावर जातो, आजचा दिवस काढू द्या. आणि मग विचारलं, तासभर घरी कशाला थांबलात?

कोपऱ्यात उभ्या मावशी पदरात तोंड घालून रडायला लागल्या. काकांनी मला बाहेर नेऊन सांगितलं. मावशी तासभर माझा बंद फोन लावत होत्या. गुरुजी आत्ता येतील, दोरा बांधतील. शेवटी पोर ओकली, तेव्हा काकांनी तिला मोटारसायकलवर घेतलं. मावशी आडव्या आल्या, गुरुजी नसताना कुठं नेता? त्यावर ते म्हणाले होते, "म्या तर दोऱ्याबिगरबी बरा झालो असतो."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. वर्षभर ठाऊक होतं, आणि मला वाईट वाटेल म्हणून ते बोलले नव्हते.

आत गेलो तर मावशी डोळे पुसून माझ्यापुढं आल्या. पोरीला धरून मोटारसायकलवर मागं बसण्याआधी त्यांनी आमच्या फळीवरची दोऱ्याची गुंडी घेतली होती.

"गुरुजी, आता तरी बांधा. माझ्या गळ्याला फास लागलाय."

वाटलं, बांधून टाकावा. पोरगी वाचली तर सगळं होतं तसं राहील. गेली तर निदान दोरा बांधला होता, असं म्हणतील. बायको माझ्याकडं बघत होती.

"मावशी, ह्यानं विष उतरत नाही," मी म्हणालो. "काकांचंही उतरलं नव्हतं. मी तेव्हाच सांगायला पायजे होतं. चूक तुमची नाही, माझी आहे."

मला वाटलं, आता खोली गेली, माणसं गेली. मग मावशींनी गुंडी कमरेला खोचली आणि खाटेच्या पायथ्याशी बसल्या.

"मग उभं काय ऱ्हायलाव? एक पाय तुमी धरा. लई गार हायत."

आम्ही दोघं तिचे तळवे चोळत बसलो. दिवस कलला तेव्हा माझ्या हातातला पाय जरासा कोमट लागला, की माझाच हात तापला होता, कळेना. मावशींना विचारायचा धीर झाला नाही. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "ह्यो गरम व्हायलाय. तुमचा?"

चौथ्या दिवशी मुलीला घरी आणलं. रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी उभा राहून सगळं सांगितलं. मागून एक बाई म्हणाली, मग इतके दिस आमाला येड्यात काढलंत व्हय? मी व्हय म्हणालो. काहीजणांनी त्यानंतर लग्नाला दुसरा बौद्धाचार्य बोलावला. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही.

अजूनही कुणाला चावलं की फोन येतो. मी म्हणतो, आधी दवाखाना गाठा, मी तिथंच येतो. आणि जातो. खाटेशेजारी बसून हळू आवाजात परित्राण म्हणतो, आणि म्हणताना माझा एक हात त्या माणसाच्या पायावर असतो, गार आहे का बघत.