मशीनने वाचलेली कविता

पहिलं कडवं संपायच्या आत मिस लॉरेननी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"तुमची ही बाई मला विचारतेय, ज्यूसमध्ये बर्फ हवा का," त्या म्हणाल्या.

आमची कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलची कंपनी कॉम्प्युटरचे आवाज बनवते. मजकूर टाकला की सॉफ्टवेअर तो माणसासारखा वाचून दाखवतं. मी तिथे व्हॉइस इंजिनिअर. आवाजाने कुठे चढायचं, कुठे थांबायचं, हे बघणं माझं काम. मिस लॉरेन एका छोट्या म्युझियमच्या क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनात काय मांडायचं ते ठरवणाऱ्या. गुलामगिरीविरुद्ध लिहिणाऱ्या कृष्णवर्णीय कवयित्रींवर त्यांचं प्रदर्शन होतं. लोकांना हेडफोनवर कविता ऐकवायच्या होत्या. हे डील झालं की सगळी म्युझियम्स आपलीच, असं माझा बॉस हेमंत महिनाभर सांगत होता.

कविता एका आईची होती. तिचं मूल लिलावात विकलं जातंय. आमच्या आवाजात ऐकलं तर फ्लाइट वेळेवर आहे असं वाटत होतं.

"सॅडनेस वाढव," हेमंत मराठीत पुटपुटला.

वाढवला. आता बाई हुंदके द्यायला लागली.

मिस लॉरेन हसल्या. "ही कवयित्री रडत नव्हती हो. बाईने चारचौघांत बोलणंच तेव्हा खपत नसे, त्यात काळ्या बाईने. ती हॉलमध्ये उभी राहून हे वाचायची, समोरच्यांना घाम फुटावा म्हणून. भांडत होती ती."

भांडणाचं सेटिंग आमच्याकडे नव्हतं. 'अँग्री' होतं, पण ते कस्टमर केअरला फोन लावल्यासारखं.

"तुम्ही वाचून दाखवता का? मला अंदाज येईल," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं. आवाज जराही चढवला नाही. मूल नेतात त्या ओळीपाशी थांबल्या आणि आमच्याकडे पाहिलं, जणू विकणारे आम्हीच. मी मान खाली घातली. हेमंतने फोन बाजूला ठेवला. आमच्या टीममध्ये हे दृश्य कुणी पाहिलेलं नाही.

पण बॉस तो बॉस. "अमेझिंग," तो म्हणाला. "आम्ही तुमचा आवाज क्लोन करू. एकदा रेकॉर्ड केलात की संपलं. पुढे तुम्ही नसलात तरी तो हवं ते वाचेल."

मिस लॉरेननी शांतपणे विचारलं, "म्हणजे माझ्यासारख्या काळ्या बाईचा आवाज तुमच्या मालकीचा, आणि तिला न विचारता तो कायम राबणार. हे तुम्ही याच प्रदर्शनासाठी सुचवताय?"

हेमंत पाणी प्यायला. मीही प्यायले, हसू दिसू नये म्हणून.

"मग कसं करू या?" मी विचारलं.

"मी येऊन वाचते. तुम्ही रेकॉर्ड करा."

सगळ्या कविता त्यांनीच वाचल्या. आमचं सॉफ्टवेअर वापरलं ते फक्त मागची एसीची घरघर काढायला. हेमंतच्या प्रेझेंटेशनमध्ये हा प्रोजेक्ट आता 'नॉइज रिडक्शन'खाली येतो.

उद्घाटनाला मी गेले होते. एक गृहस्थ खिशात हात घालून, रेलून ऐकत होते. मूल नेतात ती ओळ आली असावी; ते सरळ उभे राहिले आणि हात बाहेर काढले.

हल्ली क्लायंटला कसा आवाज हवा हे विचारण्याआधी मी विचारते, मशीन हवंच आहे का. सेल्सवाल्यांना हा प्रश्न आवडत नाही.