गाईचं देणं

त्या उन्हाळ्यात मी रोज देवीपुढं हात जोडत होते, पण मागायचं काय तेच कळत नव्हतं. साठी ओलांडलेली. चढावर दम लागायचा, तो वयाचा म्हणून मी सोडून देत होते. एकदा चारा टाकता टाकता डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी दावणीपाशीच बसले. आमचे मालक गावच्या दूध संस्थेचे सचिव. ते संस्थेतून तसेच धावत आले, गाडी केली आणि मला नगरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. हृदयातून रक्त बाहेर पडतं त्या तोंडाशी एक झडप असते. माझी ती कडक होऊन मिटत चालली होती. औषधानं ती उघडणार नव्हती. मांडीच्या नसेतूनही नवी झडप बसवतात, पण माझ्या हृदयाची ठेवण त्याला जुळत नव्हती. छाती उघडूनच बदलावी लागणार होती.

डॉक्टरीणबाई तरुण आणि मायाळू होत्या. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. धातूची झडप टिकाऊ, पण रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यायची. मग गोठ्यात एखादं शिंग लागलं तर रक्त थांबणं अवघड. दुसरी झडप जनावराच्या शरीरातल्या पडद्यापासून केलेली. तिला ती गोळी जन्मभर लागत नाही, मात्र काही वर्षांनी ती झिजू शकते.

"कोणत्या जनावराच्या?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "गाईच्या. तुमच्या वयाला मला हीच बरी वाटते. पण मनाला पटत नसेल तर धातूची बसवू. फक्त पावसाची वाट बघत बसू नका."

परतीच्या वाटेवर मी खिडकीबाहेरची करपलेली रानं बघत राहिले. आष्टी जवळ आल्यावर मालक एवढंच म्हणाले, "तुला पटंल ते कर. माला तू पायजे."

दुष्काळात संस्थेनं गावाबाहेर जनावरांची छावणी उघडली होती. आमच्या गाई तिथंच होत्या. त्यातली चंद्री म्हातारी, आटलेली. पण मी दिसले की मान लांबवून माझा पदर चाटायची. आता तिच्या डोळ्यांत बघवेना. जिला सणावाराला हळदकुंकू लावलं, नैवेद्याचा घास भरवला, तिच्याच जातीतल्या कुणाचा तरी तुकडा छातीत घेऊन जगायचं, हे मला पाप वाटत होतं. धातूची झडप घ्यावी तर गोठा सुटेल ही धास्ती. मग मी काहीच न करण्याचं मनाशी धरलं. कुणी विचारलं की म्हणायची, देवीच्या मर्जीवर सोडलंय. आत मात्र नुसती भीती होती, आणि त्या भीतीलाच मी भक्ती म्हणत होते.

एका सकाळी छावणीतून परतताना देवीच्या देवळाशी माझा श्वास कोंडला. कशीबशी मंडपात टेकले. मेंढरं घेऊन पाण्याला निघालेली एक बाई लगबगीनं आत आली. माझ्याच वयाची असेल. तिनं पाठीवरून हात फिरवला, आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं.

"कावून एवढं धापताय, माय?"

घरच्यांनाही न सांगितलेलं सगळं मी त्या अनोळखी बाईला सांगून टाकलं. ऐकता ऐकता तिनं पदर थोडा बाजूला केला. गळ्याखालून सरळ उतरलेला जुना व्रण होता.

"माज्याबी छातीत गाईचंच हाय," ती म्हणाली.

मी विचारलं, "मन मानलं तुमचं?"

"न्हाई मानलं. लई रडले. मग डोळे मिटून गाईच्याच पाया पडले. म्हणलं, माय, तुजं दूध पिऊन वाढले, आता हे बी घेते. रागवू नको."

"मग?"

"मग काय? मेंढरांमागं हिंडतीय की मी." ती हसली. "तुमचं तुमी ठरवा. पर त्या डॉक्टरणीला पुसायचं ते समदं पुसा. मनात कुढत बसू नका."

माझा श्वास सावरल्यावर ती मेंढरांमागं निघून गेली. नाव विचारायचंही मला सुचलं नाही. पुढं मालकांनी चौकशी केली, तेव्हा ती मेंढरं गोदावरीकडं सरकली एवढंच कळलं. तिला त्या वेळी तिथं कुणी धाडलं, यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

त्याच संध्याकाळी मी चंद्रीच्या कपाळाला कपाळ लावलं आणि बाईनं सांगितले तेच शब्द म्हटले. चंद्रीनं माझा हात चाटला. तिला काय कळलं ते तिला ठाऊक. माझं मन हलकं झालं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी डॉक्टरीणबाईंना मनातलं एकूण एक विचारलं. झडप झिजली तर पुढं काय, गोठ्यात कधी जाता येईल, सगळं. मग सांगितलं, "गाईचीच बसवा." ऑपरेशनला आत नेताना देवीपाशी मागणं असं उरलंच नव्हतं. "आता तू बघ," एवढंच म्हटलं आणि डोळे मिटले.

त्याला आता बरीच वर्षं झाली. देवावर सोडणं म्हणजे हातपाय गाळणं नव्हे, हे त्या उन्हाळ्यानं मला शिकवलं. विचारायचं ते विचारावं, करायचं ते करावं, आणि मग लेकरू झोपतं तसं देवीच्या मांडीवर निजावं. आजही सकाळी मालक चहाचा कप हातात देतात आणि विचारतात, "दम लागतोय का?" मी "न्हाई" म्हणते. तरी त्यांचा विश्वास बसत नाही. मी एक श्वास पुरा घेऊन सोडला, की मगच ते आपला कप उचलतात.