गोकुळाबाईंच्या मशीनवरचं दुसरं नाव

गोकुळाबाईंना वाचता येत नव्हतं, पण कॉम्प्युटर सुरू करता येत होता. ब्रह्मपुरीच्या बाजारात मासोळ्या विकून त्या गावी परतल्या की टोपली अंगणात पालथी घालायच्या, राखेनं हात घासायच्या आणि मशीनवरचं जुनं लुगडं बाजूला करायच्या. पडद्यावर दोन चौकोन यायचे. एकात फुटबॉल, दुसऱ्यात मासा. मासा त्यांचा. त्यावर टिचकी मारली की पत्त्यांचा खेळ. पत्ते मात्र त्यांना कुणी शिकवावे लागले नाहीत.

मशीन जमवलं होतं त्यांच्या मुलानं, अमरनं. तो आणि मी ब्रह्मपुरीला एकाच कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये शिकलो. पुढे तो लग्नपत्रिकांची डिझाइनं घरी बसून करायचा. त्याचे वडील डोमा तो लहान असतानाच गेले होते. त्या काळात ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, मोहल्ल्यानंच मायलेकांना सांभाळलं, म्हणून गोकुळाबाईंना कुणालाच नाही म्हणवत नसे. गल्लीतली पोरं येऊन मशीनसमोर बसायची. एकदा त्यांनी अख्खी पत्रिका पुसून टाकली. तेव्हा अमरनं स्वतःच्या खात्याला पासवर्ड घातला आणि आईचं वेगळं खातं काढलं, मर्यादित हक्काचं. पत्ते खेळा, गाणी ऐका, पण त्यावरून दुसऱ्याचं काही पुसता येणार नाही.

मी तिथंच होतो.

“माह्याच घरात मले अर्धाच हक्क देल्ला का रे?” त्या म्हणाल्या.

“तू साऱ्या मोहल्ल्याले मांडीवर बसवतं. तुले पुरा देल्ला तं मी भीक मागीन.”

“आन तुह्या कुलपात काय हाय? पोरगी लपवली का?”

“हाय ना. तुह्यावानीच कटकट करते.”

२००५च्या भादव्यात अमर टायपिंगचं काम घेऊन धानोऱ्याला गेला. तिथं ताप भरला. हिवताप डोक्यात चढला आणि गडचिरोलीला नेईनेईपर्यंत सगळं संपलं.

त्यांच्या घरची रीत अशी, की दहाव्याच्या आत गेलेल्या माणसाचं अंथरूण, कपडे, चपला सगळं वैनगंगेवर नेऊन सोडायचं. त्याचं म्हणून घरात काही राहिलं तर जीव उंबऱ्यात अटकतो. हे काम बापूजींनी केलं. ते डोमांचे थोरले भाऊ, म्हणजे गोकुळाबाईंचे भासरे. अमरचा कंगवासुद्धा त्यांनी नेला. मग कुण्या पोरानं सवयीनं मशीन सुरू केलं. अमरनं हौसेनं नावं मराठीत टाकली होती. चौथी शिकलेल्या बापूजींनी फुटबॉलशेजारचं अमरचं नाव मोठ्यानं वाचलं आणि ते जागेवरून उठले. लगेच मला निरोप आला.

मी गेलो तेव्हा बापूजी खाटेवर बसले होते. गोकुळाबाई दाराआड, डोक्यावर पदर घेऊन. त्या भासऱ्यांशी थेट बोलत नसत.

“पवन, हे नाव काढ,” बापूजी म्हणाले. “उद्या दहावा हाय. पोरगं अटकून राहीन.”

“पवन, त्याइले सांग,” दाराआडून आवाज आला, “सारं नेलं. चपला बी नेल्या. हे एक राहू द्या म्हना. हे का जागा खाऊन राह्यलं?”

“पवन, बाईले सांग, मी का दुश्मन हाव तिचा?”

दोघंही मला सांगत होते आणि दोघांनाही एकमेकांचं ऐकू येत होतं.

मला एक उपाय माहीत होता. मी म्हणालो, “नाव पुसायची गरज नाही. लपवता येतं. खातं आत तसंच राहील, पडद्यावर दिसणार नाही.”

बापूजींनी विचार केला. “दिसत नसन तं चालते. रीत दिसण्याचीच हाय.”

मला वाटलं, सुटलं. पण गोकुळाबाई पदर सावरत दारात आल्या.

“आतमदी राहीन, पन दिसनार नाई?”

“हो काकू.”

“म्हंजे तो आत बसला राहीन आन आपुन बाहेरून दार लावून घेऊ?” त्या म्हणाल्या. “नाई रे. असा कोंडू नोको त्याले. काढ.”

“काकू, फोटो आहेत त्यात. त्याचे. खातं काढलं तरी ते ठेवता येतात.”

“तुले दिसले का?”

“नाही. त्यानं कुलूप घातलंय. उघडता येईल, थोडा वेळ लागेल.”

त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. घरात अमरचा दुसरा फोटो नव्हता. बापूजीच म्हणाले, “फोटो ठेव म्हना बाईले. फोटोले कोनी नाई म्हनत नाई.”

“जिता होता तवा त्याच्या कुलपाले मी हात नाई लावला,” त्या म्हणाल्या. “आता काऊन लावू?”

मशीनमधून पूर्ण हक्काचा शेवटचा माणूस तसाच काढता येत नाही. आधी तो हक्क दुसऱ्या कुणाला द्यावा लागतो. दुरुस्तीसाठी ठेवलेल्या आडवाटेनं, अमरचं कुलूप न उघडता, मी तो माशाच्या खात्याला दिला आणि तिथूनच अमरचं खातं निवडलं. फायली ठेवायच्या की पुसायच्या, असं मशीननं विचारलं. मी वळून पाहिलं. त्यांनी नकाराची मान हलवली, तेव्हा मी पुसायचं बटण दाबलं. माझ्या खिशात कोरी सीडी होती. ती तशीच राहिली.

काम झाल्यावर मी मशीन पुन्हा सुरू केलं. गोकुळाबाई पुढे आल्या, माऊसवर हात ठेवून चौकोनांची वाट पाहत राहिल्या. चौकोन आले नाहीत. मशीन थेट आत गेलं.

“हे काऊन थांबलं नाई?”

“आता एकच खातं आहे ना, काकू. कोण आलं ते विचारायची त्याला गरज नाही.”

त्यांनी माऊसवरचा हात काढला. मग म्हणाल्या, “दुसरं एखादं नाव टाक ना. म्हंजे इचारन.”

“टाकतो. कोणाचं टाकू?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच बापूजींकडे पाहिलं. बापूजींनी मान खाली घातली. मी कीबोर्डवर बोटं ठेवून बसलो होतो. नाव काही आलं नाही.