निरंक

१८ जानेवारी. विद्यापीठाच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून वार्षिक सुरक्षा अहवाल लिहायला बसले. तक्रारींपुढे नेहमीप्रमाणे ‘निरंक’ लिहिलं. खिडकीतून ग्रंथालयातून परतणाऱ्या मुली दिसत होत्या. जवळची पायवाट सोडून सगळ्या मैदानाला वळसा घालून येत होत्या.

त्यांतल्या पूजाला हटकलं. “पायवाटेला काय झालं गं?”

“मॅडम, तिथे एकानं माझी ओढणी खेचली.”

“मग सांगायचं नाही?”

“सांगितलं की ऑफिसात! म्हणाले, लेखी दे, घरी कळवतो. घरी कळलं की माझं शिक्षण बंद.”

निरंक. शब्द किती स्वच्छ दिसतो! त्या स्वच्छतेसाठी या मुली रोज जास्तीचं चालतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ‘निरंक’ खोडून ‘एक’ लिहिलं. पूजाचं नाव घातलं नाही, पायवाटेचं घातलं. आणि अहवाल सूचनाफलकावर लावला.